टिंब वर की टिंब खाली?

दिवाळीच्या सुटीत घरोघरी मुलांच्या वाचनाची परीक्षा होते. पाहुणे येतात, अंक चाळता चाळता एखाद्या चिमुरडीला जवळ बोलावतात आणि म्हणतात, "वाच पाहू हे." ती वाचते. आईबापांना कृतकृत्य वाटते. तिला गाणे म्हणायला सांगितले तर तेही ती म्हणते. पण "हे गाणे वाचून दाखव" असे कोणी म्हणत नाही. गाणे वाचताही येते, ही गोष्टच आपल्या घरांतून कोणाच्या ध्यानात नसते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाण्याचा दुष्काळ आहे म्हणून असे होते, असे कोणी समजू नये. दुष्काळ पाण्याचा आहे, गाण्याचा नाही. गावोगाव भजनी मंडळे आहेत. आषाढीसाठी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते; तिच्यातले टाळकरी पावली कशी टाकतात ते रस्त्याच्या कडेला उभे राहून एकदा पाहावे. पाय, टाळ आणि तोंड यांचा हिशेब कोठेही चुकत नाही. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत मुलींच्या तोंडी गाणेच गाणे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गोविंदराव जोशी यांनी गायिली आणि तिची तबकडी निघाली, तेव्हा मराठी भावगीताचे एक दालनच उघडले. तिचे शब्द १९५४ साली 'शीळ' याच नावाच्या संग्रहात आले. शब्दांना पुस्तक मिळाले. चाल मात्र लोकांनी तबकडीवरून कानांनीच उचलली. आमच्याकडे गाण्याचा प्रवास असाच, कानातून तोंडात आणि तोंडातून कानात.

मी कादंबऱ्या लिहिते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. संगीतातली माझी मजल पेटीवर भजनाला साथ करण्यापलीकडे नाही, आणि शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा या लेखात रागचर्चा येणार नाही. लहान मुलांना स्वर आणि ताल वाचायला शिकवण्यासाठी जी पातळ पुस्तके आपण त्यांच्या हाती देतो, ती पुस्तके म्हणून कशी आहेत एवढेच मला पाहायचे आहे. कवितासंग्रहांना परीक्षक मिळतात. या पुस्तकांना फक्त परीक्षार्थी मिळतात.

मागची हकीगत थोडक्यात अशी. पुण्यात गायनसमाज १८७४ सालीच निघाला होता. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वर लिहिण्याची स्वतःची एक पद्धती बसवली. गुरूपुढे एकच शिष्य बसला असेल तर लिहिल्यावाचून भागते. समोर तीस पोरे बसली की फळा आणि खडू लागतो, हे कोणाही शिक्षकाला पटेल. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, आपली स्वरलिपी तयार केली आणि 'संगीत बालप्रकाश'सारखी मुलांसाठीची पुस्तके काढली. हे गृहस्थ कुरुंदवाडचे. लहानपणी उत्सवातली शोभेची दारू तोंडावर उडून त्यांची दृष्टी अधू झाली होती. ज्याला स्वतःला पान धड दिसत नव्हते, त्याने दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी लिपी रचली! दिवाळीच्या अंकात ही गोष्ट लिहिताना हात क्षणभर थांबतो.

दुसरे विष्णू म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). पेशाने वकील. उस्तादांची दारे झिजवून त्यांनी चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. आज आपल्याकडे मूल पेटीपुढे बसले की या दोन विष्णूंपैकी एकाची लिपी त्याच्यापुढे येते. पुष्कळदा दोघांचीही येते, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

ही अडचण नीट उलगडून पाहण्यासारखी आहे. भातखंडे पद्धतीत खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब देतात आणि तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर. विष्णु दिगंबर पद्धती म्हणून आज जी शिकवतात, तीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब असते आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे एका पुस्तकात डोक्यावरचे टिंब मुलाला वर चढवते आणि दुसऱ्या पुस्तकात तेच टिंब त्याला खाली उतरवते. ती उभी रेघही कमी खट्याळ नाही. भातखंड्यांच्या पानावर ती मध्यमाच्या डोक्यावर दिसली तर तो तीव्र मध्यम. पलुसकरांच्या पानावर तीच दिसली तर तो तार सप्तकातला मध्यम. एकाची सम गुणाकाराच्या फुलीने दाखवतात, दुसऱ्याची एकच्या आकड्याने. फुली पलुसकरांकडेही आहे, पण तेथे स्वराखाली फुली म्हणजे चार मात्रा थांबणे. एकाचे शून्य म्हणजे खाली, दुसऱ्याचे शून्य म्हणजे अर्धी मात्रा. खाली दाखवायला पलुसकर बेरजेचे चिन्ह वापरतात. सात-आठ वर्षांच्या पोराने करावे तरी काय?

मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. परीक्षेला दोन्ही पद्धतींतला फरक सांगा असा प्रश्न आला की चौकट आखून उत्तर लिहिता येते. पण मूल चिन्ह पाठ करत नाही, ते चिन्हावर विश्वास टाकते. 'क'चा 'ख' होणार नाही हा भरवसा असतो म्हणून ते वाचायला धजते. हा भरवसा पहिल्या वर्षातच मोडला तर मूल पुस्तक मिटते आणि पेटीवर बाईंची बोटे कोठे पडतात ते पाहू लागते.

दोघांतून एकाची निवड करायची झाली, तर लहान मुलांसाठी मी भातखंड्यांच्या बाजूची. वरच्या स्वराला वर टिंब आणि खालच्याला खाली, हे पोराला समजावून सांगावेच लागत नाही. त्यांच्या पानाची मांडणीही पाढ्यांच्या तक्त्यासारखी असते. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार खान्यांत बसतात आणि खाली फुली, दोन, शून्य, तीन असे खांब उभे राहतात. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर कोंबायचे असले की त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस काढतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्याला 'टोपली' असे नाव ठेवले आहे आणि ते अगदी योग्य आहे. पलुसकरांचा कोमल स्वर पाय मोडून लिहितात. जे मूल नुकतेच शुद्धलेखनात पाय मोडलेले अक्षर अर्धे उच्चारायला शिकले आहे, ते तो गंधार कोमल करत नाही, तोकडा करते. यात मुलाचे काय चुकले?

तरी पलुसकरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वर आपल्या मात्रांचा हिशेब स्वतःजवळ बाळगतो. एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीची खूण स्वराच्या पायाशी असते, त्यामुळे पानावरची अक्षरे थोडी पुढेमागे सरकली तरी लय जात नाही. भातखंड्यांच्या लिपीत लय खान्यांच्या सरळ मांडणीत असते. खांब वाकडे झाले की लय गेली. आणि आपल्याकडची छपाई पाहता खांब वाकडे होतातच. स्वस्त मार्गदर्शिकांतून कोमल स्वराखालची आडवी रेघ हमखास गळते. अलीकडे चाली मोबाइलवरून पाठवतात, तेथे तर रेघ आणि टिंब दोन्ही वाटेतच सांडतात आणि भैरवीचे सगळे स्वर शुद्ध होऊन घरी पोचतात! माझ्या हाती आलेल्या एका पुस्तिकेत (प्रकाशकाचे नाव सांगत नाही, सण आहे) दादऱ्याच्या सहा मात्रा सात खान्यांत बसवल्या होत्या. कथेच्या पुस्तकात मुद्रणदोष असला तर वाचक हसून पुढे जातो. येथे मूल चुकीचे पाठ करते.

चिन्हांचे एवढे पुरे. पुस्तकात आत काय असते? आधी अलंकार: सा-रे-ग, रे-ग-म, ग-म-प. गळा तयार व्हायला ते उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण पानेच्या पाने अलंकार म्हणजे बाराखडीनंतर एकही गोष्ट न देता पुन्हा बाराखडी. त्यानंतर लक्षणगीत येते, म्हणजे ज्यात रागाचे नियमच पद्यात बांधले आहेत असे गीत. भातखंड्यांची ही युक्ती मोठ्या विद्यार्थ्यांसाठी फार हुशारीची आहे. लहान मुलाच्या दृष्टीने मात्र त्याची पहिली कविता ही नामाची व्याख्या असावी तसे हे झाले. शिवाय चिजांची भाषा ब्रज किंवा हिंदी. शेगाव-खामगावकडचे पोर घरी 'मले' आणि 'काहून' म्हणते, शाळेत 'मला' आणि 'का' म्हणायला शिकते, आणि संगीताच्या तासाला तिसऱ्याच बोलीतल्या पनघटावर जाऊन उभे राहते. स्वर नवे, ताल नवा, चिन्हे नवी आणि शब्दही नवे. चार अनोळखी पाहुणे एकदम घरात शिरले की मूल आईच्या पदराआड जाते, तसेच येथे होते.

काही जणांनी यावर उपाय म्हणून पेटीच्या पट्ट्यांना आकडे देऊन गाणी छापली आहेत. आकडे पाहायचे आणि बोट ठेवायचे. याने मूल आठवड्याभरात प्रार्थना वाजवू लागते आणि पालक खूष होतात. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. आपला 'सा' एका जागी खिळलेला नाही. कोणी काळी एकमध्ये गाते, कोणी काळी पाचमध्ये. 'सा' सरकला की सगळे घर त्याच्याबरोबर सरकते. हे सरकणे ज्याला कळले त्याला स्वर कळले. आकड्यावर शिकलेल्या मुलाची पट्टी बदलली की त्याचे गाणे संपते. इंग्लंडात सारा ग्लोव्हर या बाईंनी आणि त्यांच्यामागून जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात रविवारच्या शाळांतल्या सामान्य मुलांसाठी जी अक्षरांची स्वरलिपी चालवली, तिचाही पाया हाच सरकणारा 'सा' होता. आपल्याला तो परंपरेने फुकट मिळाला आहे. तो आकड्यांना का विकावा?

मला सर्वांत नवल वाटते ते तालाचे. पुस्तके तालाची व्याख्या देतात: मात्रा, विभाग, सम, टाळी, खाली. मूल घोकते. वस्तुतः आपला ठेका हेच एक वाचनाचे पुस्तक आहे. तीनतालात खाली आली की डग्गा गप्प होऊ लागतो, 'धिं'चे 'तिं' होते, 'धा'चे 'ता' होते, आणि सम जवळ आली की तो पुन्हा घुमू लागतो. घरी पाहुणे येणार म्हणून आधी दिवा लावून ठेवावा तसे. हे मुलाला ऐकू येते, हाताने दाखवता येते आणि मग कागदावरचे शून्य त्याला शून्य वाटत नाही. खालीला हात वाजवायचा नाही, बाजूला न्यायचा, हे मुलांना फार आवडते. न वाजवण्यालाही मान आहे हे त्यांना दुसऱ्या कोणत्या तासाला शिकायला मिळते? ज्या पोराने भजनात टाळ धरला आहे त्याच्या हातात आठ मात्रांचे आवर्तन आधीच असते. त्याला फक्त एवढे सांगायचे, की तुझ्या हातातले हे असे लिहितात.

वर्गात मी भुलाबाईच्या गाण्यांपासून आरंभ करते. ही गाणी तीन-चार स्वरांत फिरतात, ओळ पुन्हा पुन्हा येते आणि शब्द मुलींच्या जिभेवर असतात. म्हणजे चार पाहुण्यांपैकी तिघे घरचेच. नवी एक लिपी तेवढी. चौथीतल्या एका मुलीने तिच्या आजीचे एक गाणे असे उतरवून आणले. तिच्या मैत्रिणीच्या घरी तेच गाणे थोडे निराळे म्हणत. एक घर सिंदखेडराजाकडचे, दुसरे जळगाव जामोदकडचे. कोणाचे बरोबर यावरून दर वर्षी मुलींची भांडणे. आम्ही दोन्ही चाली फळ्यावर एकीखाली एक लिहिल्या. सहा-सहा मात्रांच्या आठ ओळी, आणि फरक निघाला एका मात्रेचा. एकीकडे तिसऱ्या मात्रेवर रिषभच लांबतो, दुसरीकडे तेथे गंधाराला हात लावून परत येतात. मुली फळ्याकडे टकमक बघत राहिल्या. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी चुकत नाई वं बाई, आमी तसंच म्हनतो." शास्त्रकारांनी 'पाठभेद' म्हणून जी गोष्ट सांगितली तीच ही. त्या आजी पुढच्या कोजागिरीला नव्हत्या. मुलीने वहीवरून गाणे म्हटले आणि तिसऱ्या मात्रेवर रिषभ लांबवला.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, चालींसाठी ध्वनिमुद्रणेही झाली. ते काम थोर आहे. पण ध्वनिमुद्रण कोणी तरी बाहेरून येऊन करते. लिपी येत असेल तर घरातली नात ते करू शकते, आणि त्यासाठी तिला पेन्सिलीखेरीज काही लागत नाही.

आता जाणत्यांचा आक्षेप. ते म्हणतात, कागदावर मींड उतरत नाही, दरबारीच्या गंधाराचे आंदोलन उतरत नाही, गायकी तर नाहीच नाही. मुलाला कागदाची सवय लावाल तर कान मरेल. पहिला भाग खरा आहे. पण आपली देवनागरी तरी काय सगळे उतरवते? 'काहून' हा शब्द मी येथे लिहिला, त्यातला वऱ्हाडी हेल पुण्याच्या वाचकाला कागदावरून कसा कळणार? म्हणून काही कोणी बाराखडी बंद करा म्हणत नाही. कान मरतो तो ऐकण्याआधी वाचायला लावले म्हणजे. आधी गाणे तोंडी बसवावे, मग ते कागदावर दाखवावे. याच क्रमाने आपण बोलायला आणि मग वाचायला शिकलो. आणि खरे सांगायचे तर, हा आक्षेप ज्यांना गुरू सहज मिळतो त्यांच्या तोंडी शोभतो. शहरात गल्लीत दोन क्लास असतात. घाटाखालच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला गुरू म्हणून जे काही मिळेल ते कागदावरच मिळेल.

हंगेरीचा संगीतकार झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) याने याच क्रमावर सारा देश गाता केला. मुले एकमेकांना हाका मारतात तेव्हा आपल्या भाषेत पंचमावरून गंधारावर उतरतात. त्या दोन स्वरांपासून आरंभ, मग मुलांचीच खेळगाणी, मग त्यांचे लेखन. तालासाठी त्याच्या वर्गात 'ता' आणि 'ती-ती' असे बोल म्हणवतात. आपल्या तबल्याचे बोल ऐकून तो काय म्हणाला असता कोण जाणे! १९५० साली त्याच्या जन्मगावी, केचकेमेतला, रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. जवळचे उदाहरण बंगालचे. रवींद्रनाथांची गाणी 'स्वरबितान'च्या साठांहून अधिक खंडांत स्वरलिपीसह छापलेली आहेत आणि ते खंड साध्या घरांतून आढळतात. बंगाली माणूस काही आपल्याहून जात्या सुरेल नाही. त्याला म्हणाविशी वाटणारी गाणी स्वरलिपीत मिळाली, म्हणून तो स्वरलिपी शिकला. आपण आधी स्वरलिपी शिकवतो आणि म्हणाविशी वाटणारी गाणी चौथ्या वर्षासाठी राखून ठेवतो.

तेव्हा मला हवे असलेले पुस्तक असे आहे. पहिल्या पानावर 'सा' नको. टाळी आणि खाली असावी, पावलांच्या ठशांनी दाखवलेली. मग दोन स्वरांचे एक हाक मारण्याचे गाणे, मग तीन-चार स्वरांची भुलाबाईची, भोंडल्याची, हादग्याची गाणी, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पाठभेदांसह. अलंकार मध्ये मध्ये, मिठाइतके. लक्षणगीत मुळीच नको. टिंब वरच्या स्वराला वर आणि खालच्याला खाली, आणि दुसऱ्या पद्धतीचे नाव मूल बारा वर्षांचे होईपर्यंत काढू नये. मजकूर चाळीस पाने पुरे, अक्षर ठसठशीत, कोमलाची रेघ जाड. शेवटी आठ पाने कोरी, सहा-सहा आणि आठ-आठ खाने आखलेली, घरची गाणी उतरवून घ्यायला. भुलाबाई भाद्रपदात बसते; पुस्तक श्रावणात दुकानात आले तर बरे.